बाँडला जाताय? नोंदींचं काम आधी शिकून घ्या

एमबीबीएसनंतर मी आठ महिने पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर होते, मग बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष नंदुरबार जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. संगणकावरच्या नोंदी दोन्हीकडे होत्या, पण काम अगदी वेगळं. नव्याने जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

पुण्यात पेशंटचा नंबर टाकला की जुने रिपोर्ट, एक्स-रे, औषधं सगळं समोर यायचं. तिथे धोका कॉपी-पेस्टचा. कालची नोंद उचलून आज चिकटवायची सवय मलाही लागली होती. एका आजोबांचा कॅथेटर (लघवीची नळी) काढून दोन दिवस झाले, तरी माझ्या नोंदीत तो होताच. रात्रपाळीच्या सिस्टरने ते दाखवलं तेव्हा मी हादरले. तेव्हापासून रोजची नोंद खाटेपाशी उभं राहून, नव्याने लिहिते.

आरोग्य केंद्रात पहिला प्रश्न वेगळाच होता: समोरची बाई नक्की कोण? सातव्या महिन्यात माहेरी आलेली एक मुलगी तपासायला आली. हिमोग्लोबिन साडेसात, म्हणजे बरंच कमी. सासरच्या उपकेंद्रात आयर्न सुक्रोजची (लोहाची) इंजेक्शनं सुरू झाली होती, पण किती झाली ते तिला सांगता येईना. तिने आम्हाला माहेरचं नाव सांगितलं, तिकडची नोंद सासरच्या नावावर. माता बाल संरक्षण कार्ड सासरीच राहिलेलं. शेवटी आमच्या आशाताईंनी तिकडच्या आशाताईंना फोन लावला, त्यांनी घरी जाऊन कार्ड वाचून दाखवलं. माहिती मिळाली ती या दोघींमुळे. नंतर मी एक नियम केला. गरोदर बाईचा बारा अंकी आरसीएच नंबर (माता-बाल आरोग्याच्या सरकारी पोर्टलवरचा तिचा नोंदणी क्रमांक) आमच्या केसपेपरवर लिहायचा, दोन्हीकडची नावं विचारायची आणि कार्डाचा फोटो तिच्या घरच्या मोबाइलमध्ये ठेवायला सांगायचं.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन, म्हणजे आरोग्याच्या नोंदी संगणकावर एकमेकींना जोडायची केंद्र सरकारची योजना, २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झाली. त्यातला चौदा अंकी आभा नंबर, म्हणजे पेशंटचा आरोग्य ओळख क्रमांक, या अडचणीवरच उपाय आहे: नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते आणि पेशंटच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरला दिसते. मला ही रचना मनापासून पटते. पण नंबर काढायला ओटीपी लागायचा, आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याकडे आणि नवरा कामाला सुरतला. अशा वेळी खोळंबून राहू नका. आभा ऐच्छिक आहे, त्यावाचून उपचार थांबवायचे नाहीत. आणखी एक, लोक आभालाच पाच लाखांच्या विम्याचं आयुष्मान कार्ड समजतात. दोन्ही वेगळी आहेत हे दर वेळी सांगा.

लाइट आणि रेंज गेली की सगळं वहीत लिहावं लागतं आणि मग रात्री बसून पोर्टलवर भरावं लागतं. सिस्टर हे दुहेरी काम वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. त्यांच्यावर ढकलू नका, तुमच्या ओपीडीच्या नोंदी तुम्हीच भरा.

संगणकातल्या तक्रारींच्या यादीत ‘दम लागणे’ एवढाच पर्याय असतो. पुण्यातले काका सांगायचे, दुसऱ्या मजल्यावर चढताना दम लागतो. इथली आजी सांगते, विहिरीवरून हंडा आणताना आता दोनदा बसावं लागतं. महिन्यापूर्वी ती एकदाच बसत होती. आजार वाढल्याची खूण त्या ‘दोनदा’मध्ये आहे, म्हणून मोकळ्या रकान्यात पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहा.

कायद्याचंही लक्षात असू द्या. २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या आणि पेशंटने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या.

पहिल्या दिवसापासून आणखी एक विचारा: “कागदांची पिशवी आणलीय का?” बहुतेक घरांत ती असते, पत्र्याखाली खुंटीला टांगलेली. त्यातली जुनी डिस्चार्ज कार्डं बघा, औषधाच्या ॲलर्जीची नोंद सापडली तर आधी ती संगणकात चढवा आणि पिशवी त्यांच्या हातात परत द्या.