कोकण कपिला घरापुरती पाळताना

पाऊण-एक एकर भात, परसात चार माड आणि घरापुरतं दूध-ताक हवं, एवढ्याच हिशोबाने गुरं ठेवायची असतील तर कोकण कपिला घ्यावी. अंगाने लहान, सव्वादोनशे-अडीचशे किलोची गाय. चढउताराच्या रानात दिवसभर चरते, दूध दोन-अडीच लिटर देते आणि तिचे पाडे जोताला जातात. जास्त दुधाच्या आशेने तिला जर्सीचं रेतन करू नका. कालवड दुधाला बरी निघेल, पण पाडा उन्हात, चिखलात लवकर धापा टाकेल.

गाय दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, वासरासकट घ्यावी. भाव ठरवण्याआधी एका संध्याकाळी सड पूर्ण रिकामे करायला लावा आणि दुसऱ्या दिवशीचं सकाळ-संध्याकाळचं दूध समोर उभं राहून मोजा. आदल्या वेळचं दूध कासेत ठेवून गाय दाखवणारे कमी नाहीत.

पहिला प्रश्न पेंढ्याचा. पावसाळ्याचे चार महिने रान आणि बांध गायीला पोसतात, उरलेले आठ महिने तुम्ही. रोज चार किलो पेंढा धरला तर एका गायीला साडेनऊशे ते हजार किलो लागतो. भाताच्या एका गुंठ्यातून चाळीस-पन्नास किलो पेंढा निघतो, म्हणजे एका जनावरामागे वीस-पंचवीस गुंठे भात हवं. यात न बसणारं जनावर विकतच्या वैरणीवर जगेल, आणि तिथे दोन लिटर दूध परवडत नाही. जोडीला आठ-दहा किलो ओलं गवत, दुभत्या गायीला किलोभर पेंड-कोंडा, तीस ग्रॅम मीठ आणि तीस ते पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण. मिश्रण चैन समजून टाळू नका. कोकणच्या जांभ्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) कमी, म्हणून चाऱ्यातही कमी. गाय भिंत चाटते, चिंध्या-हाडं चघळते ते त्यामुळेच.

नुसता पेंढा पोट भरतो, ताकद देत नाही. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात विरघळवून थर लावत, प्रत्येक थर तुडवत झारीने शिंपडा. ताडपत्रीने हवाबंद करून एकवीस दिवस ठेवा. नीट मुरलेला पेंढा पिवळट-तपकिरी, मऊ होतो आणि नाकाला झोंबतो. खायला घालण्याआधी तासभर पसरून वास उडू द्यावा, सुरुवात मूठभराने करावी. फाटक्या ताडपत्रीतून हवा गेली की काळी-पांढरी बुरशी येते. तेवढा भाग खतात टाका. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हा पेंढा नको. आणि युरियाचं पाणी बादलीत उघडं ठेवून जेवायला जाऊ नका. जनावराने ते प्यालं तर डॉक्टर येईपर्यंत थांबत नाही.

गोठ्यात गायीला दीड मीटर लांब, एक मीटर रुंद उभी जागा पुरते. उतार मूत्र-नाळीकडे, चाळीस फुटांना एक फूट. गुळगुळीत कोब्यावर गाय घसरून मांडीतून फाटते, म्हणून कोबा ओला असतानाच रेघा ओढाव्यात. आषाढ-श्रावणात खुरं सडतात. आठवड्यातून दोनदा दहा लिटर पाण्यात अर्धा किलो मोरचूद घालून, खुरं आधी धुऊन, त्यात बुडवा. घटसर्प आणि फऱ्याची लस पाऊस लागण्याआधी, मे महिन्यात टोचून घ्यावी.

ही गाय वासराशिवाय पान्हा सोडत नाही. आधी वासरू सोडा, त्याने कासेला दोन-चार ढुशा दिल्या आणि सड ताठ झाले की बाजूला बांधून गायीला चाटू द्या. मग पाच-सात मिनिटांत दूध काढून घ्यावं. रेंगाळलात तर ती पान्हा चोरते. शेवटचं दूध वासराला ठेवायचंच. व्यायल्यावर तासाभराच्या आत चीक पाजा. पहिल्या दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे पंधरा किलोच्या वासराला दीड लिटर, तीन-चार वेळांत. वार पडेपर्यंत थांबण्याची जुनी रीत वासराला महागात पडते. बेंबीला टिंक्चर आयोडीन लावावं, दहाव्या-बाराव्या दिवशी जंताचं औषध द्यावं. व्यायल्यानंतरच्या आठवड्यांत गायीची लघवी चहासारखी लाल दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. कारण स्फुरदाची कमतरता असो वा गोचिडाचा ताप, दोन्हींत रक्त झपाट्याने उतरतं.

पाड्याचा विचार गाय भरवतानाच करा. राज्यात 2015पासून बैल कत्तलीला देता येत नाही, तेव्हा ज्याच्याकडे नांगरणीला जमीन नाही त्याने लिंगनिश्चित रेतमात्रा, म्हणजे जिच्यातून बहुतेक कालवडीच होतात ती, मिळते का ते दवाखान्यात विचारावं. जोताला ठेवायचा पाडा दीड-दोन वर्षांचा झाला की खच्ची करून घ्यावा आणि अडीच-तीनच्या वयात जुपावा. पहिले पंधरा दिवस नुसतं जू, शेजारी जुना संथ बैल. मग हलकं लाकूड ओढायला, मग कोरड्या जमिनीत नांगर. चिखलणीला थेट नेलेला पाडा पाय रुतला की बसतो, आणि एकदा बसायला शिकला की काठीने उठत नाही. पहिल्या हंगामात सकाळी दोन तास पुरे. काम संपल्यावर खांदा धुऊन कोरडा पुसा. ओल्या खांद्यावर जू घासलं की खांदा सुजतो. सूज दिसताच जोत बंद, नाहीतर गाठ धरते आणि बैल पुढच्या पावसालाही मान देत नाही.