सिंगल माल्ट नवीन नवीन पिताय? प्रदेश बघून बाटली घेताना या चुका टाळा

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून गाळलेली व्हिस्की. ती घेताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रदेशालाच चव समजणं. स्कॉच, म्हणजे स्कॉटलंडच्या व्हिस्कीच्या 2009 च्या नियमांत प्रदेशांची पाच नावं आहेत, हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन आणि आयला (स्पेलिंगमध्ये एस असला तरी उच्चार आयलाच), पण ती फक्त व्हिस्की कुठे गाळली ते सांगतात, चवीची गॅरंटी देत नाहीत. आयला म्हणजे धूर हे डोक्यात बसलंय ते लफ्रॉइग, लॅगाव्हुलिन, आर्डबेगमुळे, पण त्याच बेटावरची बुनाहावन 12 घ्या, धूर जवळपास नाहीच, मनुका आणि सुकामेव्याचा गोडवा. उलट हायलँडची आर्डमोर धुरकट. धूर प्रदेशातून येत नाही, मोड आलेली बार्ली वाळवताना खाली पीट, म्हणजे दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची वाळवलेली माती, जाळतात त्यातून येतो. म्हणून दुकानात दोनच गोष्टी विचारा, पीटेड (पीटच्या धुरावरची) आहे का आणि मुरवलेलं पिंप कुठलं. बर्बनचं (अमेरिकन व्हिस्कीचं) असेल तर चव व्हॅनिलाकडे जाते, शेरीचं (स्पॅनिश वाइनचं) असेल तर मनुकांकडे.

दुसरी चूक, पहिलीच बाटली लफ्रॉइग. अहो, दवाखान्यातल्या टिंक्चरसारखा वास येतो, आणि माणूस सिंगल माल्टचंच नाव टाकतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. आधी ग्लेनलिव्हेट किंवा ग्लेनफिडिक 12, मग स्काय बेटावरची टॅलिस्कर 10, आणि त्यानंतर आर्डबेग. एकाच संध्याकाळी दोन-तीन चाखणार असाल तर धुरकट शेवटी, नाहीतर पुढच्या पेगची चवच लागत नाही.

बर्फ आणि सोडा पहिल्या घोटाला नकोच, थंडीने वास दबतो आणि निम्मी मजा वासातच असते. साधं पाणी घ्या, चमच्याने, थोडं थोडं, प्रत्येक वेळी हुंगून बघत. बुनाहावन 12 मध्ये 46.3 टक्के अल्कोहोल आहे आणि ती चिल फिल्टर (थंड करून गाळणं) केलेली नाही, त्यामुळे पाणी पडलं की ग्लासात ढगाळ होते, तर ती भेसळ समजून ओतून देऊ नका, आतली तेलं आहेत ती.

वयाच्या आकड्यामागेही धावू नका. 12 म्हणजे त्यातली सगळ्यात कोवळी व्हिस्की 12 वर्षांची, एवढंच. पीटेड माल्टमध्ये तर वय वाढलं की धूर मवाळ होतो, त्यामुळे धूर आवडत असेल तर कमी वयाची घ्या, पैसेही वाचतील.

आणि बाटली वाइनसारखी आडवी ठेवू नका, व्हिस्की बुचाला खाते. उभी ठेवा, उन्हापासून लांब, आणि पाव बाटली उरली असेल तर पुढच्या दिवाळीपर्यंत जपून ठेवू नका, हवेने चव उतरते, मित्रांना बोलवा आणि संपवा.