सुका कचरा नियमितपणे पुनर्चक्रणाला देण्यासाठी सोसायटीतील कुटुंबांना कसे तयार करावे

सुका कचरा किंवा ई-कचरा नेणारी सशुल्क खासगी सेवा घेण्याचा विषय सर्वसाधारण सभेत निघाला की 'कचऱ्याचेही पैसे मोजायचे का?' असा प्रश्न येतोच. त्याला पर्यावरणावरील भाषणाने उत्तर देऊ नये. माणसे आधी घरातील अडचण सुटते का ते पाहतात. म्हणून रद्दीवाला ज्यांना हात लावत नाही अशा थर्माकोल, फाटके कपडे, जुन्या गाद्या, बिघडलेले चार्जर या वस्तूंपासूनच बोलणे सुरू करावे. बाल्कनीतील कोपरा मोकळा होणार हे पटले की शुल्काचा विरोध बराच मावळतो.

त्यानंतर दिवस ठरवून घ्यावा. महिन्याचा पहिला शनिवार ठरला असेल तर गाडी त्याच शनिवारी आली पाहिजे, कारण दोनदा खाडा झाला की लोक पुन्हा सगळे एकाच बादलीत टाकू लागतात आणि मोडलेली सवय परत लावणे फार कठीण जाते. करार करतानाच गाडी न आल्यास काय, हे लेखी घ्यावे.

विश्वासाचा मुद्दा याहूनही नाजूक आहे. 'आम्ही वेगळे करतो आणि ते पुढे एकत्रच करतात' ही शंका पुण्यात घरोघरी ऐकू येते, आणि ती निराधार मानून झटकून टाकणे योग्य नाही. दर खेपेला वजनाची पावती मागावी, कोणता माल कुठे जातो ते विचारावे आणि दोन्ही गोष्टी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकाव्यात. शक्य असल्यास चार-पाच सभासदांनी वर्गीकरणाची जागा स्वतः पाहून यावे. शहराच्या कचऱ्याचा भार कचरा डेपोजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे सोसला आहे, हे सांगायचे असेल तर या टप्प्यावर सांगावे. विश्वास बसल्यावर ते मनाला भिडते.

रद्दीच्या पैशांचे आमिष मात्र दाखवू नये, कारण एका घराच्या वाट्याला येणारी रक्कम किरकोळच असते.

कृती जितकी नेमकी सांगाल तितकी ती पाळली जाते. 'प्लॅस्टिक स्वच्छ करून द्या' असे मोघम लिहिण्याऐवजी दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नये, तो पिशवीलाच लटकता ठेवावा आणि पिशवी विसळून वाळत घालावी, असे लिफ्टजवळ लिहून लावावे. सुटा पडलेला तो तुकडा इतका लहान असतो की वेचणाऱ्याच्या हाती लागत नाही.

करारावर सही करण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. शहरातील बऱ्याच सोसायट्यांत 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद कचरा नेतात आणि घरटी शुल्काबरोबरच भंगारविक्रीवर त्यांचा संसार चालतो. पुठ्ठा, बाटल्या, पत्रा असा विकला जाणारा माल खासगी सेवेकडे वळवला तर त्यांच्या तोंडचा घास जातो. आपल्याकडे येणाऱ्या ताईंना बैठकीला बोलवावे, त्या कोणता माल विकतात ते विचारून तो त्यांच्यासाठीच राखावा, आणि खासगी सेवेच्या करारात फक्त उरलेल्या वस्तूंची यादी घालावी.