सात गाड्या, एक कच्ची वाट: सह्याद्रीत दिवसभराची ऑफरोड सहल कशी आखावी

कच्च्या वाटेवरच्या १२ किलोमीटरला किती वेळ लागतो? एकटी गाडी असेल तर तास-सव्वा तास. त्याच वाटेवर सात गाड्या घातल्या की चार तास कुठे गेले ते कळत नाही. वाटेत एखादाच अवघड चढ असतो, जेमतेम वीस-पंचवीस पावलांचा. पहिली गाडी दोन मिनिटांत वर जाते. तिसरीचं चाक जागच्या जागी फिरतं, ती मागे येते, चाकाखाली दगड लावले जातात, पुन्हा प्रयत्न होतो. पाचवीला दोर लावावा लागतो. सातवी वर पोचेपर्यंत पहिल्या गाडीतली मुलं भुकेने रडकुंडीला आलेली असतात.

म्हणून गटाने निघताना किलोमीटर मोजू नका. अवघड जागा मोजा आणि त्यांना गाड्यांच्या संख्येने गुणा. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक सहली याच हिशेबात फसल्या आणि अंधारात सापडल्या.

पुढचं सगळं मी आंदर मावळ डोळ्यांसमोर ठेवून सांगतो आहे. पुणे-मुंबई महामार्गावरच्या कान्हे फाट्यावरून आत वळलं की टाकवे बुद्रुक, वडेश्वर करत रस्ता खांडीच्या बाजूला घाटमाथ्याकडे जातो. डांबर, भातखाचरं, ओढे, रान, सगळं एका दिवसात भेटतं. वेल्हे, भोर किंवा जुन्नरकडे जाणाऱ्यांनाही हीच पद्धत लागू पडेल.

महिना आधी, तारीख नंतर

जुलै-ऑगस्टमधले चिखलाचे व्हिडिओ पाहून अनेकांना पावसातच जायचं असतं. नव्या गटाला मी सरळ नाही म्हणतो. ३० जुलै २०१४ ला माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली, ती याच डोंगररांगेत आणि याच दिवसांत. भिजलेल्या उतारावर सात गाड्यांचा ताफा उभा करण्यासारखा धोका सहलीसाठी घेऊ नये. शिवाय तेव्हा खाचरांत भात उभं असतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी-मळणी चालू असते आणि गावचे गाडीरस्ते शेतकऱ्यांना हवे असतात. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात चांगला काळ. माती धरून ठेवते, ओढ्यांना बेताचं पाणी असतं, उन्हाचा त्रास नसतो. पण गवत वाळलेलं असतं. ते गाडीच्या पोटाखाली, सायलेन्सरजवळ अडकून बसतं आणि पेटू शकतं. बीएस ६ डिझेल गाड्यांचा धूर गाळणारा फिल्टर स्वतःची काजळी जाळतो तेव्हा प्रचंड तापतो, त्यामुळे अशी गाडी उंच वाळल्या गवतात उभी करूच नका. दर थांब्याला प्रत्येकाने खाली वाकून पोटाखालचं गवत काढायचं. दहा सेकंदांचं काम आहे, आणि डोंगरावर वणवा लागला तर तो गावाला भोगावा लागतो.

वाट कोणाची आहे, ते विचारा

नकाशावर रेघ दिसली म्हणजे गाडी घालायची मुभा मिळाली असं होत नाही. एकाच वाटेवर ग्रामपंचायतीचा रस्ता, कोणाचं तरी शेत, वनखात्याचं रान आणि धरणाभोवतीची जमीन असे तुकडे येतात. गाव नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गावाचा नकाशा पाहता येतो. एकेरी रेषेच्या वाटेवर चारचाकीचं काम नाही, मग ती कितीही रुंद दिसो. राखीव वनात शिरायला वनखात्याची परवानगी लागते. भीमाशंकर, ताम्हिणी, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना ही अभयारण्यं आहेत. तिथे ठरलेला रस्ता सोडून चाकं नेण्याचा विचारही नको.

कागदानंतर माणसं. सरपंच किंवा पोलीस पाटलांना आधी जाऊन भेटा. किती गाड्या, कोणता वार, कुठून शिरणार, कुठून बाहेर पडणार, हे स्पष्ट सांगा. ज्यांच्या शेताच्या कडेने जायचं त्यांनाही विचारा.

खाचराच्या बांधाबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण शहरातून आलेल्या माणसाला तो मातीचा उंचवटा वाटतो. उतारावरच्या खाचरांत पाणी वरच्या खाचरातून खालच्यात, तिथून आणखी खालच्यात उतरतं. बांधाला जिथे थोडी खाच ठेवलेली असते तिथूनच ते जातं. जानेवारीत कोरड्या पडलेल्या त्या बांधावरून एक चाक गेलं तर वरवर काहीच दिसत नाही, जरा माती दबते एवढंच. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात तोच दबलेला भाग फुटतो आणि लावणीसाठी साठवलेलं पाणी वाहून जातं. तोवर आपण सगळं विसरलेले असतो. चुकून बांधावर चाक गेलंच तर थांबा, फावडं काढा, माती ठोकून बांध सारखा करा आणि मालकाला सांगा.

सड्यावरही, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या सपाट कातळावरही, तेच. कातळावरच्या दोन बोटं मातीत पावसाळी फुलांचं बी आणि कंद असतात. मोकळं मैदान दिसलं म्हणून गाड्या गोल फिरवायच्या नाहीत.

रेकी

सहलीच्या आठवडाभर आधी दोघांनी एक गाडी घेऊन पूर्ण वाट करावी. अवघड तुकडे पायी चालून पाहावेत. मोबाइलमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून त्यावर खुणा करा: अवघड चढ, ओढा, गाडी वळवता येईल अशी जागा, डांबरी रस्त्याकडे निसटायची वाट, रेंज मिळते ती ठिकाणं. वळवायच्या जागा सगळ्यात महत्त्वाच्या. अरुंद घळीत पुढची गाडी अडली आणि मागे सहा गाड्या उभ्या असल्या तर प्रत्येकाला उलट्या गिअरमध्ये बाहेर यावं लागतं.

रेकीनंतर पाऊस झाला तर ती रेकी रद्द समजा आणि पुन्हा जा.

कोणत्या गाड्या, कोण चालवणार

पाच ते सात गाड्या पुरेत. सातच्या वर नावं आली तर दोन गट करा, दोन वेगळे दिवस घ्या.

नुसतं नाव विचारून भागत नाही. थार मागच्या दोन चाकांवर चालणारीही मिळते. फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) आहे का, त्यात फोर लो (कमी वेग, जास्त जोर देणारा गिअर) आहे का, पुढे आणि मागे दोन्हीकडे ओढायचे पक्के हुक आहेत का, हे तीन प्रश्न प्रत्येकाला विचारा. थार, जिम्नी, गुरखा, जुनी जिप्सी एकत्र चालू शकतात. थारचं पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर असतं, जिम्नीचं २१०. वाट मात्र गटातल्या सगळ्यात नवख्या चालकाला झेपेल अशी निवडा. कसलेल्या चालकाला सोप्या वाटेवर थोडा कंटाळा येईल, एवढंच.

आदल्या दिवशी प्रत्येकाने टायर, स्टेपनी, जॅक, ब्रेक, कूलंट पाहावं आणि बॅटरी घट्ट बसली आहे ना ते हाताने हलवून पाहावं. गाडीत सुटं सामान नको. उतारावर पाण्याची भरलेली बाटली ब्रेकच्या पॅडलखाली जाऊन बसू शकते.

दोर

सामानात फावडं, कोयता, हवेचा कॉम्प्रेसर, हवा मोजायचं मीटर, पंक्चर किट, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी आणि माणशी चार लिटर पाणी हवंच. पण दोराबद्दल नीट सांगायला हवं, कारण सहलीत जीव जाण्याइतका धोका इथे आहे.

टोचन करायचा साधा पट्टा ताणत नाही. त्याने हळू, सरळ ओढायचं. स्नॅच रोप रबरासारखा ताणतो आणि अडकलेल्या गाडीला हिसका देऊन बाहेर काढतो. साध्या पट्ट्याने किंवा साखळीने हिसका दिला तर काहीतरी तुटतंच. एकदा माझ्यासमोर एकाने घाईत दोर बंपरच्या पत्र्यात अडकवला. दोर ताणला, पत्रा फाटला आणि त्याचा तुकडा दोरासकट पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून आत गेला. त्या सीटवरची मुलगी दोन मिनिटांपूर्वी पाणी प्यायला उतरली होती. तेव्हापासून दोर लावायच्या आधी मी स्वतः दोन्ही टोकं पाहतो.

दोर फक्त चेसीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, बसवलेल्या हुकाला लावायचा. बंपर, एक्सल किंवा ट्रेलरचा गोळा अजिबात नाही. शॅकलवर, म्हणजे दोर हुकाला जोडणाऱ्या कडीवर, ती किती भार पेलते ते लिहिलेलं असावं. हार्डवेअरच्या दुकानातला बिनाआकड्याचा शॅकल घेऊ नका. शॅकलची पिन पूर्ण आवळून मग जराशी सैल करा, नाहीतर ताणानंतर ती उघडत नाही. दोराच्या मध्यावर ओलं जाड पोतं किंवा सतरंजी टाका, म्हणजे दोर तुटला तरी उसळणार नाही. अडकलेल्या चाकांपुढची माती आधी फावड्याने काढा; निम्म्या वेळा दोर लागतच नाही. ओढताना दोन्ही गाड्यांत फक्त चालक, बाकी सगळे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब. व्हिडिओ काढणाराही तिथेच.

दिवसाचं वेळापत्रक

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि घळीत त्याच्या बऱ्याच आधी काळोख होतो. त्यामुळे मागून पुढे मोजा. साडेचारला शेवटची गाडी डांबरावर हवी. मग अडीच ही परतीची वेळ. अडीच वाजले की जिथे असाल तिथून निसटायच्या वाटेने परत, ठरलेला माथा समोर दिसत असला तरी. ही वेळ आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवा. ऐन वेळी चर्चा काढली की "अजून एकच चढ" म्हणणारा माणूस नेहमी जिंकतो.

सकाळी साडेसहाला कान्हे फाट्यावर जमा. इंधनाची टाकी महामार्गावरच पूर्ण भरून घ्या. वीस मिनिटांत सगळ्या सूचना द्या: गाड्यांचा क्रम, हातखुणा, परतीची वेळ, सीट बेल्ट, आणि दिवसभर दारूला हात नाही. अपघाताला ११२, रुग्णवाहिकेला १०८, वणव्याला वनखात्याचा १९२६ हे क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. मोठी रुग्णालयं तळेगावच्या बाजूला, हेही चालकांना माहीत हवं.

कच्ची वाट सुरू होताना टायरची हवा ३०-३२ वरून २० ते २२ पीएसआयवर आणा. टायर थोडा पसरतो, पकड वाढते, हाडं खिळखिळी होत नाहीत. त्याहून खाली नवख्याने जाऊ नये, टायर रिमवरून निसटू शकतो.

वाटेवर

पुढची गाडी रेकी केलेल्याची. दुसरी सगळ्यात नवख्याची, म्हणजे पुढच्याची चाकं नेमकी कुठून गेली ते त्याला दिसतं. शेवटची गाडी कसलेल्या चालकाची, दोर आणि कॉम्प्रेसर तिच्यात. आत रेंजचा भरवसा नाही, म्हणून ४४६ मेगाहर्ट्झवरचे बिनपरवाना चालणारे छोटे वॉकीटॉकी प्रत्येक गाडीत ठेवा. प्रत्येकाने आरशात मागची गाडी पाहत जायचं. ती दिसेनाशी झाली की थांबायचं.

चढावर एका वेळी एकच गाडी. ती वर जाऊन बाजूला झाली आणि वॉकीटॉकीवर "मोकळं" आलं की मगच पुढची. खुणा करणारा माणूस एकच असावा. तिघं ओरडायला लागले की चालक चुकीच्या माणसाचं ऐकतो. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, दगडाला चाक आपटून स्टिअरिंग फिरलं तर अंगठा मोडतो. गाडी अर्ध्या चढावर थांबली तर वळवायचा प्रयत्न करू नका, आडवी झालेली गाडी उलटते. ब्रेक, उलटा गिअर, आणि सरळ खाली. उतारावर फोर लो, पहिला गिअर, आणि क्लचवरून पाय बाजूला.

ओढा आधी काठी घेऊन पायी पार करा. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, पण वाहतं पाणी गुडघाभर असलं तरी गाडीला ढकलतं आणि तळातला खड्डा वरून दिसत नाही. नव्या गटासाठी गुडघ्याखाली ही मर्यादा ठेवा. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा चावी फिरवायची नाही. आत पाणी गेलेलं असेल तर इंजिन कायमचं जातं. ओढून बाहेर काढा.

जेवण गावातच घ्या. दोन दिवस आधी माणसं मोजून मावशींना सांगा, दर आधीच ठरवा आणि दोन माणसांचे जास्तीचे पैसे द्या. पिठलं, भाकरी, ठेचा, ताक: चुलीपाशी पंचवीस जणांच्या भाकऱ्या थापायला दोन बायकांची सकाळ जाते. बायकांसाठी शौचालयाची सोय कुठल्या घरी होईल तेही तेव्हाच विचारून ठेवा. आखणी करणारे पुरुष असले की हे हमखास राहून जातं.

डांबराला लागल्यावर

लगेच सुटू नका. कमी हवेवर महामार्गाचा वेग धरला तर टायर तापून फाटतो, म्हणून कॉम्प्रेसर काढून सगळ्यांची हवा पुन्हा पूर्ण करा. सात गाड्यांना पाऊण तास सहज लागतो, तो साडेचारच्या पुढे धरलेला असू द्या. तेवढ्यात प्रत्येकाने चाकांचे नट आवळून पाहावेत, पोटाखाली तेल गळत नाही ना ते पाहावं, ब्रेक दोन-तीनदा दाबून सुकवावेत. कचऱ्याची पिशवी गाडीत आहे ना, तेही बघा. मग गाड्या मोजा, माणसं मोजा, आणि पोलीस पाटलांना फोन करून सांगा की सगळ्या गाड्या बाहेर आल्या. कोणाच्या बांधाला, कुंपणाला धक्का लागला असेल तर तेही त्याच फोनवर.