थ्रॉटल साफ केला, तरी आयडल झुलतोय?

गाडी उभी आहे, पाय ब्रेकवर आहे आणि आरपीएमची सुई ६०० ते ९०० च्या मध्ये झोके घेतेय, म्हणजे आयडल (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) स्थिर नाही. एसी लावला की इंजिन दचकतं, कधी बंदही पडतं. अशा वेळी बहुतेक जण सरळ थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) स्प्रे मारतात. कधी गुण येतो, तर कधी आयडल उलट १५०० वर जाऊन बसतो आणि साफसफाईलाच दोष दिला जातो. दोष साफसफाईचा नसतो, क्रमाचा असतो: आधी आकडे बघायचे, मग साफ करायचं, मग ईसीयूला (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) नव्याने शिकवायचं आणि सॉफ्टवेअर अपडेट सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या पेट्रोल गाड्यांना लागू आहे. डिझेलचं गणित वेगळं.

सुरुवातीला सुईकडे नीट बघा. सुई स्थिर आहे पण स्टिअरिंग आणि सीट थरथरतेय, तर इंजिन माउंटिंग तपासा. तिथे थ्रॉटल धुऊन काही होणार नाही. सुई एका लयीत वर-खाली होत असेल तर हवेचा हिशोब चुकतोय. मधूनच, कसलाही ताल नसलेले आचके येत असतील तर मिसफायर, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल नीट पेटत नाही: प्लग, कॉइल, इंजेक्टर तपासा.

आता स्कॅनर (ईसीयूतले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. इंजिन ८० अंशांच्या वर तापलेलं, एसी, दिवे, पंखा बंद. कोड दिसले तर लगेच पुसू नका. कोड पडला त्या क्षणीचे आकडे ईसीयूने जपलेले असतात, ते आधी लिहून घ्या. पी०५०६ म्हणजे आयडल हवा त्यापेक्षा कमी, पी०५०७ म्हणजे जास्त, पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, पी०३०० म्हणजे एकाच सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही असा मिसफायर.

खरी गोष्ट फ्युएल ट्रिम सांगतो, म्हणजे मिश्रण नीट ठेवायला ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म यांची बेरीज करा. उणे-अधिक ५ टक्के उत्तम, १० पर्यंत चालतं. समजा आयडलला बेरीज +१८ आली आणि २५०० आरपीएमला +४ वर उतरली, तर कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय. भोक तेवढंच असतं, पण आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं म्हणून गळतीचा वाटा मोठा दिसतो. उलट आरपीएमबरोबर आकडा चढत गेला तर संशय फ्युएल पंप, पेट्रोल फिल्टर किंवा एमएएफ सेन्सरवर (आत जाणारी हवा मोजणारा). ही युक्ती एमएएफ असलेल्या गाड्यांपुरती. फक्त एमएपी सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असेल तर गळतीची हवाही मोजली जाते, ट्रिम फारसा हलत नाही आणि आयडलच चढून बसतो.

गळतीच्या नेहमीच्या जागा ठरलेल्या: पीसीव्हीचा (इंजिनातली तेलकट वाफ परत हवेच्या वाटेत सोडणारी व्यवस्था) होज, ब्रेक बूस्टरचा पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) गॅस्केट. चौथी जागा हमखास विसरली जाते, ती म्हणजे टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह. थंड इंजिन सुरू करा, टाकीकडून येणारा होज व्हॉल्व्हवरून काढा आणि त्या तोंडावर बोट ठेवा. ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुरत असेल तर बहुधा हाच. गळती शोधायला गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारायची पद्धत सोडून द्या. स्मोक टेस्ट करून घ्या, म्हणजे आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघायचं.

गळती नाही, प्लग ठीक आहेत, पण आयडलला थ्रॉटल नेहमीपेक्षा जास्त टक्के उघडा दिसतोय? आता साफसफाईची पाळी. इंजिन थंड, इग्निशन बंद करून दहा मिनिटं थांबा. हवेच्या पाइपचे क्लॅम्प सैल करा, कनेक्टर काढा, थ्रॉटल बॉडीचे बोल्ट खोला. बहुतेक गाड्यांत चार असतात आणि दहाचा सॉकेट लागतो. बॉडीला कूलंटचे बारीक होज असतील तर ते न काढता बॉडी फक्त बाजूला झुकवा. मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ, धागे न सुटणारं कापड कोंबा.

काजळी कुठे असते ते नीट बघा: झडपेच्या कडेला आणि कड जिथे भिंतीला टेकते तिथे काळी, चिकट रिंग. आयडलची जवळजवळ सगळी हवा या केसाएवढ्या फटीतून जाते. पीसीव्हीतून येणारी तेलाची वाफ तिथे थिजते आणि फट बुजते. थ्रॉटल क्लीनर कापडावर घ्या, थेट आत फवारू नका. पातळ द्रव झडपेच्या दांड्यातून मोटरकडे उतरतो. झडप हाताने उघडायला मॅन्युअलमध्ये मनाई नसेल तर सावकाश उघडा, झटक्याने सोडू नका, आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात. मनाई असेल तर कनेक्टर परत जोडून, इग्निशन चालू करून स्कॅनरच्या कमांडने उघडा आणि बोटं बाहेर ठेवून मऊ ब्रशने काम करा. मागची कड विसरू नका, माती तिकडेच जास्त असते. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर नको. काही बॉडींना आतून मुद्दाम दिलेलं कोटिंग असतं आणि ते खरवडलं की आयडल कायमचा बिघडतो.

साफ झाल्यावर उजेडासमोर धरलं तर झडपेभोवती बारीक फट दिसेल. घाबरू नका, वीज नसताना झडप किंचित उघडी राहावी अशीच रचना असते. ती बंद करायला स्टॉप स्क्रू फिरवलात तर नवी थ्रॉटल बॉडी घ्यायची तयारी ठेवा.

गॅस्केट चपटं झालं असेल तर नवीन टाका. कापड बाहेर काढायचं लक्षात ठेवा. बोल्ट कर्णरेषेत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर. प्लॅस्टिक मॅनिफोल्डमध्ये जास्त आवळलं की आटे जातात.

एमएएफ सेन्सरला फक्त एमएएफ क्लीनर. आतल्या तारेला किंवा फिल्मला बोट, ब्रश, कापड काही लावायचं नाही. आठ-दहा हलके फवारे मारा आणि निदान १५ मिनिटं वाळू द्या. कार्ब क्लीनर इथे चालत नाही.

आता शिकवणी. काजळी वाढत असताना ईसीयू झडप थोडी थोडी जास्त उघडायला शिकलेला असतो. तुम्ही फट मोकळी केली, त्याला त्याची खबर नाही, म्हणून आयडल चढतो. स्कॅनरमध्ये थ्रॉटल अॅडाप्टेशन किंवा आयडल लर्न असेल तर तेच वापरा. नसेल आणि मॅन्युअलमध्ये दुसरी पद्धत दिलेली नसेल तर: गरम इंजिन, न्यूट्रल, सगळे भार बंद, अॅक्सिलरेटरला न शिवता १० मिनिटं आयडल, मग एसी लावून आणखी ५ मिनिटं. बॅटरी काढून ठेवणं हा पर्याय नाही. बाकी शिकलेलंही पुसलं जातं आणि अडाप्टेशन होईलच असं नाही.

एवढं करूनही एसी लागताना आयडल कोसळतो किंवा थंड इंजिनालाच त्रास आहे, तर अपडेटचा विचार करा. ईसीयूचा कॅलिब्रेशन आयडी (सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक) वाचा आणि कंपनीच्या ताज्या आवृत्तीशी ताडून पाहा. त्या आवृत्तीत आयडलसंबंधी दुरुस्ती असेल तरच पुढे जा. अपडेट काजळी किंवा गळती बरी करत नाही. फ्लॅश (नवं सॉफ्टवेअर ईसीयूत भरणं) चालू असताना बॅटरीला साधा चार्जर नको, १३ ते १३.५ व्होल्ट स्थिर देणारा सपोर्ट लावा. लॅपटॉप चार्जरवर, जोडणी केबलने, दिवे-पंखा बंद. मध्येच वीज गेली तर ईसीयू निकामी होऊ शकतो. अपडेटनंतर जुनं शिकलेलं बहुधा पुसलं जातं, म्हणून शिकवणी पुन्हा करा.

थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल सरळ सिलिंडरात जातं, इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे तिथे साचलेला थर थ्रॉटल धुऊन जात नाही. थंड सुरुवातीला मिसफायर होत असेल तर मॅनिफोल्ड काढून व्हॉल्व्ह साफ करावे लागू शकतात.

दोन-तीन दिवस गाडी चालवून आकडे पुन्हा घ्या: लाँग टर्म ट्रिम ५ च्या आत, थ्रॉटलचा टक्का आधीपेक्षा कमी. हा टक्का काही हजार किलोमीटरांतच पुन्हा चढला तर थ्रॉटल परत धुऊ नका, पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. तेल बहुधा तिथूनच येतंय.