साइटवर स्त्री अभियंत्याकडे नेतृत्व कसे सोपवावे : सोलापुरातील बांधकाम व्यावसायिकांसाठी

सोलापुरातील वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि शासकीय तंत्रनिकेतन येथून स्थापत्य शाखेचे शिक्षण घेऊन मुली दरवर्षी बाहेर पडतात आणि शहरातील ठेकेदारांच्या व सल्लागारांच्या कार्यालयांत त्यांना कामही मिळते. मात्र बहुतेकींच्या वाट्याला नकाशे, अंदाजपत्रके आणि बिले येतात, साइट मुलांकडे जाते. आपल्या व्यवसायात बढती मिळते ती पाया, कॉलम आणि स्लॅब स्वतः उभे राहून करून घेतलेल्या माणसाला. त्यामुळे सुरुवातीची वर्षे टेबलावर बसवलेली अभियंता पुढेही टेबलावरच राहते, आणि मग वरच्या पदासाठी अनुभवी बाई मिळत नाही, असे आपणच म्हणतो. हे बदलायचे असेल तर काय करावे ते येथे मांडले आहे. ते मुख्यतः ठेकेदार, सल्लागार आणि प्रकल्पांचे मालक यांच्यासाठी आहे, कारण अधिकार देणे त्यांच्या हातात आहे.

क्षमतेचा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. पी. के. थ्रेसिया १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मुख्य अभियंता झाल्या. मुंबईच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेतून १९५३ मध्ये पदवी घेतलेल्या शकुंतला भगत यांनी सुटे भाग जागेवर जुळवून उभे करता येणारे पोलादी पूल पतीसह विकसित केले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. जी. माधवी लता यांनी चिनाब नदीवरच्या ३५९ मीटर उंचीच्या रेल्वे पुलासाठी पाया आणि उतारांच्या स्थैर्याच्या कामात १७ वर्षे सल्ला दिला. या तिघींच्या हाती तांत्रिक निर्णय होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सुरुवात पायापासून करा

नियुक्तीपत्रात ‘साइट अभियंता’ एवढेच लिहून भागत नाही. कोणत्या टप्प्याची जबाबदारी तिची, कोणत्या कागदावर तिची सही लागेल आणि ती सही नसेल तर कोणते काम पुढे जाणार नाही, हे लेखी द्यावे. अनेक ठिकाणी स्त्री अभियंत्याला साइटवर आणतात ते फरशी, रंग आणि किचन ओटा यांच्या वेळी. फिनिशिंगचे काम कमी महत्त्वाचे नाही, पण इमारतीचे मोठे निर्णय तोवर घेऊन झालेले असतात. म्हणून तिच्याकडे पहिली जबाबदारी पायाची द्यावी.

सोलापूर परिसरात हे विशेष महत्त्वाचे आहे. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया ठेवला की जोत्याला आणि भिंतींना तिरप्या भेगा जातात. खोदाई चालू असताना मातीचे नमुने कोठून घ्यायचे, फुगण्याची चाचणी कधी करून घ्यायची, पक्का मुरूम कोठे लागला, खोली वाढवायची की संरचना सल्लागाराला पुन्हा विचारायचे, हे त्या दिवशी खड्ड्यात उतरून ठरवावे लागते. खोदाईचा खर्च वाढवणारा असा निर्णय तिने घेतला आणि मालकाने तो मान्य केला, की पुढच्या कामात मुकादम आणि सेंट्रिंगवाले तिचा शब्द गंभीरपणे घेऊ लागतात.

स्लॅबच्या दिवशी

या दिवसाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, असे माझे मत आहे, कारण अधिकार खरा आहे की नावापुरता, हे याच दिवशी कळते. स्लॅब भरण्यापूर्वी सळ्यांचे अंतर, कव्हर ब्लॉक (सळ्या काँक्रीटच्या आत ठेवणारे छोटे ठोकळे), टेकूंची पक्की बैठक आणि विजेचे पाइप तपासून तपासणीपत्रावर सही होते. ती सही तिचीच असावी.

मग मिक्सरची गाडी येते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर जातो, गाडी वाटेत अडकलेली असते, काँक्रीट घट्ट होऊ लागलेले असते. अभियंता स्लंपचा, म्हणजे काँक्रीट किती घट्ट आहे ते पाहण्याचा, साचा भरून सरळ वर उचलते, काँक्रीट जेमतेम खाली बसते आणि गाडीवाला पाण्याच्या नळीकडे हात नेतो. जास्तीचे पाणी घातले की काँक्रीटची मजबुती घटते, म्हणून ती नकार देते. प्लांटवरून मिश्रण सुधारून देणारा माणूस येईपर्यंत थांबा, नाहीतर गाडी परत न्या, असे ती सांगते. वीस-पंचवीस मजूर उन्हात उभे असतात, पंप तासाच्या भाड्यावर असतो, आणि मुकादम बाजूला जाऊन मालकाला फोन लावतो : “साहेब, मॅडम गाडी परत पाठवायची म्हणतात. काय करू?”

या फोनला एकच उत्तर द्यावे : “मॅडम सांगतील तसं करा.” तिचा निर्णय चुकला असे वाटले तर संध्याकाळी तिच्याशी एकटीशी बोलावे, चाचणीचे आकडे समोर ठेवून बोलावे, पण साइटवर सर्वांदेखत तो फिरवू नये. एकदा जरी मालकाने फोनवरून तिचा निर्णय बदलला, तरी पुढचा प्रत्येक फोन थेट त्याच्याकडेच जाईल. हा नियम मुकादमाला, काँक्रीट पुरवठादाराला आणि तिच्या पुरुष सहकाऱ्यांना कामाच्या आधीच सांगून ठेवावा.

मजबुतीच्या चाचणीसाठी काँक्रीटचे ठोकळे, म्हणजे क्यूब, करतात. त्यांचे नमुनेही तिच्याच देखरेखीखाली घ्यावेत. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार १६ ते ३० घनमीटर काँक्रीटसाठी किमान ३ नमुने लागतात आणि प्रत्येक नमुन्याचे ३ क्यूब २८ दिवसांच्या चाचणीसाठी असतात. निकालाचे कागद तिच्या नावाने फाइलला लागले, की तिचा अनुभव कोणाच्या तोंडी शिफारशीवर अवलंबून राहत नाही. स्लॅबवर आळी करून किंवा गोणपाट ओले ठेवून किती दिवस पाणी मारायचे, त्यासाठी पाणी कोठून आणायचे, टँकर कधी मागवायचा, हेही तिने ठरवावे. कोरड्या, उष्ण हवेत दहा दिवसांपेक्षा कमी क्युरिंग (असे ओले ठेवणे) चालणार नाही, आणि फ्लाय ॲश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातील राख, मिसळलेल्या सिमेंटला त्याहून अधिक काळ द्यावा लागतो.

सोयी आणि सुरक्षितता

कुंपण घालतानाच आतून कडी लागणारे, पाणी, दिवा आणि झाकणाची कचरापेटी असलेले स्वच्छतागृह उभे करावे आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत धरावा. ते नसेल तर स्त्रिया दिवसभर पाणी पिणे टाळतात, आणि सोलापूरच्या उन्हात हे जिवावर बेतू शकते. सुरक्षा बूट आणि उंचीवर बांधायचा पट्टा तिच्या मापाचा मागवावा. सैल बूट शिडीवर धोकादायक असतो. उन्हामुळे काम पहाटे किंवा रात्री ठेवले, तर घरापर्यंतच्या वाहनाची जबाबदारी कंपनीने घ्यावी. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती अनिवार्य आहे, आणि ठेकेदारामार्फत आलेले मजूरही त्यात मोजले जातात. समितीतील सदस्यांची नावे आणि फोन क्रमांक साइटच्या फलकावर मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही लावावेत, कारण आपल्या साइटवर या चारही भाषा बोलल्या जातात.

घमेले उचलणाऱ्या बाईचा विचार

अभियंत्यांपुरते थांबले तर काम अर्धेच राहते. वर्षानुवर्षे विटा आणि वाळू वाहणारी बाई बिगारीच राहते, तिच्याबरोबर आलेला मुलगा मात्र दोन वर्षांत थापी हातात घेऊन गवंडी होतो. प्रत्येक साइटवर निदान दोघींना विटांचे थर, ओळंबा आणि प्लॅस्टर शिकवण्यासाठी एखादा अनुभवी गवंडी नेमावा, शिकण्याच्या काळात त्यांची मजुरी कापू नये आणि हात बसला की गवंड्याचाच दर द्यावा. जोडीची मजुरी नवऱ्याच्या हातात देण्याची पद्धत बंद करून तिचे पैसे तिच्याच खात्यात जमा करावेत. लहान मुलांसाठी सावलीची जागा आणि सांभाळणारी बाई असावी. त्याशिवाय आईचे लक्ष कामात लागणार नाही.

पर्यावरणपूरक बांधकामाची सूत्रे तिच्या हाती

स्त्रिया मुळातच संवेदनशील, म्हणून हरित इमारतींचा विभाग त्यांना द्यावा, अशी भाषा मला मान्य नाही. तो द्यावा तो अंदाजपत्रकावरील अधिकारासह. येथे करण्यासारखे पुष्कळ आहे : छतावर पांढरी तुकडा फरशी, पश्चिमेच्या भिंतीला सावली, फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्रातील राखेपासून विटा, पावसाचे पाणी बोअरवेलमध्ये मुरवणे. जुन्या सोलापुरातील माळवदाची घरे जाड भिंतींमुळे आणि मातीच्या छतामुळे उन्हाळ्यात थंड राहत, हेही आराखडा करताना अभ्यासावे.

आराखडा पक्का होण्यापूर्वी त्या घरात दिवसभर राहणाऱ्या बाईला विचारावे. कुंभारीजवळच्या रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची वसाहत आखली गेली, त्यात विडी कामगार स्त्रियाही आहेत. विडी वळणारी बाई जमिनीवर बसते, मांडीवर सूप असते. खिडकीची उंची उभ्या माणसाच्या हिशेबाने तीन फुटांवर ठेवली, तर वारा तिच्या डोक्यावरून जातो आणि तंबाखूची धूळ तिच्याभोवतीच राहते. खाली जाळीचा झरोका ठेवला तर हा प्रश्न फार थोड्या खर्चात सुटतो. अशी गरज समजण्यासाठी आराखडा करणाऱ्यांनी त्या घरात जाऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसून पाहावे.

प्रसूती रजेनंतर

या टप्प्यावर अनेक चांगल्या अभियंत्या व्यवसायाबाहेर जातात. कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. रजेवर जाण्याआधी चालू साइटची कागदपत्रे, राहिलेल्या चाचण्या आणि पुरवठादारांशी ठरलेले दर यांची लेखी सोपवणूक करून घ्यावी आणि परतल्यावर कोणती साइट तिची असेल, हे त्याच पत्रात लिहून द्यावे. परतल्यावर तिला ‘थोडे दिवस ऑफिसमध्येच बसा’ असे परस्पर सांगू नये. तिला विचारावे, आणि तिने साइट मागितली तर सुरुवातीचे काही महिने तिची वेळ लवचीक ठेवून, सहायक अभियंता देऊन, सहीचा अधिकार मात्र तिच्याकडेच ठेवावा.