कोकणातून ऑपेरा हाउसला वाद्यवृंद ऐकायला जाताना

गिरगावातले रॉयल ऑपेरा हाउस १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते उघडले, १९९३ मध्ये बंद पडले आणि जीर्णोद्धार होऊन २०१६ पासून पुन्हा सुरू आहे. रंगमंच बेताचा, त्यामुळे इथे पाश्चात्त्य संगीताचा लहान वाद्यवृंदच शोभतो. ८०-९० वादकांचा ताफा ऐकायचा असेल तर नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलासंस्थेचे जमशेद भाभा थिएटर गाठावे. रत्नागिरी-कुडाळकडच्यांना दोन्हीकडे मुक्काम न करता जाऊन येता येते.

आधी मैफलीचे तिकीट घ्या, मग गाडीचे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. गणपती आणि मे महिना टाळलेला बरा. कोकणकन्या एक्स्प्रेस रात्रीत सीएसएमटीला पोचवते आणि परतीची रात्री ११ नंतर सुटते. मैफल ७ ला सुरू झाली तर साधारण ९ पर्यंत संपते, म्हणजे वेळ पुरतो. पावसाळी वेळापत्रकात मात्र गाड्यांच्या वेळा बदलतात, त्या पाहूनच निघा. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. तिथे प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते आणि बॅगेला कुलूप लागते. भावाकडे द्यायची आंब्याची पेटी दुपारीच पोचती करा. ऑपेरा हाउस चर्नी रोड स्टेशनहून चालत जाण्याइतके जवळ आहे.

जागा निवडताना पहिल्या रांगेचा मोह नको. तिथे समोरची व्हायोलिनेच कानावर येतात, मागची हॉर्न (पितळी फुंकवाद्ये) आणि टिंपनी (मोठे नगारे) त्यांच्यात मिसळत नाहीत. बाल्कनीच्या पुढच्या रांगा उत्तम. खालच्या मजल्यावर बसायचे तर मधल्या रांगा घ्या. बाल्कनीच्या छताखाली अगदी मागे आवाज दबतो. बाजूच्या बॉक्समधून रंगमंचाचा एक कोपरा दिसत नाही. पियानो असेल तर डावी बाजू घ्या, वादकाची बोटे दिसतात.

अर्धा तास आधी पोचा. उशीर झाला तर एक रचना संपेपर्यंत दाराबाहेर थांबावे लागते. सुरुवातीला ओबो हे सनईसारखे वाद्य एक लांब स्वर धरते आणि सगळे त्यावर आपापली वाद्ये मिळवतात. तेव्हापासूनच बोलणे बंद. मग कंडक्टर, म्हणजे हातांच्या खुणांनी वाद्यवृंद चालवणारा, येतो, त्याला टाळ्या द्यायच्या.

आपला माणूस अडखळतो तो इथून पुढे. नाट्यगीताला आणि भजनाला जागच्या जागी दाद द्यायची आपली सवय. समेवर मान हलते, तोंडून ‘वा’ निघते. इथे ते चालत नाही. सिंफनीचे, म्हणजे वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेचे, बहुधा चार भाग असतात, एका मुख्य वादकासाठी लिहिलेल्या कॉन्चेर्टोचे तीन, आणि मधल्या थांब्यात टाळी वाजवायची नाही. छापील कार्यक्रमपत्रिकेत भागांची नावे एकाखाली एक असतात, ती मोजत ऐका. मोजणीही कधी फसते. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो. संगीतकार हायडनने आपल्या ९० व्या सिंफनीच्या शेवटच्या भागात खोटा शेवट ठेवलाय. सगळे टाळ्या वाजवतात आणि चार मात्रागटांच्या शांततेनंतर संगीत पुन्हा सुरू होते! म्हणून पत्रिकेपेक्षा कंडक्टरच्या हातांवर विश्वास ठेवा. हात वर आहेत तोवर गप्प बसायचे. ते खाली आले, तो प्रेक्षकांकडे वळला की मनसोक्त वाजवा.

फोन पूर्ण बंद करा. थरथरही दोन रांगांना ऐकू जाते आणि अंधारात स्क्रीनचा उजेड खुपतो. खोकल्याची गोळी चुरचुरणाऱ्या कागदातून आधीच काढून रुमालात ठेवा. खडीसाखर त्याहून सोयीची, ती चघळा, चावू नका. एसीमध्ये दोन तास बसायचे असते, एक शाल असू द्या. सूट वगैरे नको, स्वच्छ साडी किंवा कुर्ता पुरतो.

लहान मुलांना आणायचे असेल तर वयाची अट तिकीट काढतानाच विचारा. मध्यंतरात चहाची रांग लांबते, त्यामुळे स्वच्छतागृह आधी उरका.

शेवटी कंडक्टर दोन-तीनदा परत येतो, एखादी छोटी रचना जास्तीची वाजते. तरी गाडी असेल तर साडेनऊला उठाच. टॅक्सी मिळायला वेळ जातो, आणि क्लोकरूममधून सामान सोडवायचे असते.